माळवदे मास्तरांचा वळसा

माळवदे मास्तरांनी माझ्या शर्टाचं माप घेतलं तेव्हा ते रस्त्याच्या पलीकडे होते आणि मी अलीकडे. मधून एक बैलगाडी आली. ती जाईपर्यंत ते थांबले आणि मग ओरडले, "आता वळा. हात वर करा. पोट आत घेऊ नका, भाऊसाहेब, इथून दिसतंय मला!" वाडीतली चार माणसं बघत उभी होती. माझं पोट किती इंच आहे हे माझ्या बायकोच्या आधी त्यांना कळलं.

मी तिथे नवा होतो. पिंपरीला औषधांचा कारखाना उभा राहत होता आणि त्याच्या टाइम-ऑफिसात मला कारकुनी मिळाली होती. कोण किती वाजता आला, किती वाजता गेला, कोणाचा खाडा, कोणाची रजा, हे दिवसभर लिहायचं. कोकणातून बायकोला घेऊन आलो आणि चिंचवडच्या अलीकडे एका वाडीत दोन खोल्या घेतल्या. वाडी म्हणजे वीस-बावीस घरं, एक मारुती, एक पिठाची गिरणी आणि एक शिंपी. शिंप्याकडे निघालो तेव्हा घरमालकाने बजावलं, "पांढऱ्या रेघेच्या पल्याड पाय टाकू नका. काय झालं तर आमाला सांगायचं न्हाई." मला वाटलं, सोवळ्याओवळ्याचं काही असेल.

रेघ होती खरी. मास्तर रोज सकाळी ओट्यापुढे भर रस्त्यात फक्कीने ती आखायचे. रेघेच्या आत हैबती राहायचा.

हैबती म्हणजे त्यांचा कुत्रा. मातकट रंगाचा, एका कानाचा शेंडा तुटलेला, मागच्या मांडीवर तीन-चार वण. अंगाने बेताचाच. पण कोणी रेघ ओलांडून सरळ ओट्याकडे आलं की तो असा उसळायचा की भले भले हातातलं कापड टाकून पळायचे. काठी त्याला चालत नसे. छत्री चालत नसे. सायकलची घंटी, पळणारं माणूस, मोठ्याने हसणारं माणूस, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे खाकी कपडा. टपालवाला मास्तरांची पत्रं गिरणीत ठेवून जायचा. कारखान्याचा भोंगा झाला की हैबती स्वतःभोवती गोल फिरत राही आणि भोंगा थांबल्यावरसुद्धा बराच वेळ त्याचं फिरणं थांबत नसे.

मास्तर आधी देहूरोडला होते. तिथे लष्करी गणवेश शिवणाऱ्या एका दुकानात कारागीर. कुठेतरी, कोणीतरी छऱ्याची बंदूक झाडलेलं हे पिल्लू एक दिवस येऊन त्यांच्या मशीनखाली बसलं. खाकी कापड दिसलं की थरथर कापायचं आणि जागच्या जागी मुतायचं. त्या दुकानात खाकीशिवाय दुसरं कापडच नव्हतं. आठवड्याने मास्तरांनी पिल्लू उचललं, मशीन बैलगाडीत घातलं आणि नोकरी सोडली. माणसं नोकरी का सोडतात याची कारणं मी पुढे तीस वर्षं वाचली. हे कारण परत काही वाचनात आलं नाही.

आता ज्या शिंप्याच्या दुकानात गिऱ्हाईक शिरू शकत नाही त्याचं व्हायचं काय? पण मास्तरांचं बरं चाललं होतं. नजरेने माप घ्यायचं त्यांनी अंगात मुरवलं होतं. बायकांच्या चोळ्यांसाठी त्यांनी पलीकडच्या कडुनिंबाला विहिरीवरची जुनी कप्पी बांधली होती. बायका मापाची चोळी टोपलीत ठेवत आणि मास्तर दोरी ओढून टोपली आपल्याकडे घेत. टोपलीसुद्धा सावकाश ओढायची. एकदा वाऱ्याने ती जोरात गेली तर हैबतीने पाटलीणबाईंच्या चोळीच्या चिंध्या केल्या, आणि मास्तरांना दोन नव्या शिवून द्याव्या लागल्या. कपड्याची शिलाई चांगली असे. फक्त सगळ्यांचे कपडे छातीत बोटभर सैल व्हायचे. तक्रार केली की मास्तर म्हणत, "असू द्या. माणसाला आत हलायला जागा पाहिजे."

हे त्यांचं असं असायचं. शिवणावर बोलता बोलता हा माणूस कुत्र्यावर यायचा आणि कुत्र्यावरून तुमच्यावर. "सरळ अंगावर येऊ नका, वळसा घ्या," हे तर दिवसातून वीस वेळा. जनावराकडे सरळ चालत गेलं की त्याला ते भांडण वाटतं. माणसालाही वाटतं, फक्त तो बोलून दाखवत नाही, असं त्यांचं मत. स्वतः ते कोणाकडेच सरळ जात नसत. मारुतीला जायचे तर देवळाच्या बाजूने येऊन, नजर खाली ठेवून, देवाच्या डाव्या अंगाला उभे राहायचे. "देवाच्या तरी अंगावर कशाला जायचं? त्यालाही दिवसभर लोकांनी भंडावलेलं असतं." लग्नाला गेले तर अक्षता पडल्या की निघत, पंगतीला थांबत नसत. का, तर सगळं गोड आहे तेवढ्यात घरी जावं. हैबतीला फिरवतानाही ते असंच करत. तो शांत चालतोय असं दिसलं की लगेच मागे फिरायचे. लोक म्हणायचे, नीट चालायला लागलं की मास्तर त्याला घरी काय आणतो! मास्तर म्हणत, "तेवढीच एक आठवण चांगली राहते त्याच्याकडे."

जांभईचं प्रकरण तर वाडीभर गाजलं. कुत्रं घाबरलं की जांभई देतं आणि समोरच्याने जांभई दिली की त्याचा जीव जरा खाली बसतो, हा शोध मास्तरांनी बघून बघून लावला होता. तो त्यांनी माणसांवरही चालवला. चोळीच्या चिंध्या झाल्या त्या दिवशी किसन पाटील भांडायला आले. पाटील म्हणजे वाडीतले मोठे शेतकरी, आवाज पवना नदीच्या पलीकडे जाईल असा. ते रेघेवर उभे राहून गरजले, "मास्तर, त्ये कुत्रं न्हाई, भूत हाय भूत! येका दिशी गावाला खाईल त्ये!" मास्तरांनी तोंड बाजूला फिरवलं आणि भली मोठी जांभई दिली. पाटील लालबुंद झाले. मास्तरांनी आणखी एक दिली. "आमी हितं बोंबलतोय आन् ह्याला झोप येतीय!" म्हणत पाटील निघून गेले. मास्तर मला समाधानाने म्हणाले, "बघा, गेले का नाही शांतपणे?"

मला सुरुवातीला त्या माणसाचा रागच यायचा. विधुर, पन्नाशी ओलांडलेला, घरात दुसरं कोणी नाही, आणि एका खुळ्या कुत्र्यापायी सगळ्या वाडीला वळसे घालायला लावतो! बांधून का ठेवत नाही, असं मी एकदा विचारलं. "बांधायचं नाही," एवढंच म्हणाले आणि त्या दिवशी माझ्याशी पुन्हा बोलले नाहीत.

पण एक गोष्ट मला माझ्या धंद्यामुळे दिसली, बाकीच्यांना दिसली नव्हती. रेघ सरकत होती. दर महिन्याला मास्तर ती चार बोटं ओट्याकडे घ्यायचे. हैबतीला कळू न देता आणि वाडीलाही. मी आलो तेव्हा रेघ रस्त्याच्या मधोमध होती. वर्षाने ती रस्त्याच्या कडेला आली आणि पाटलांची बैलगाडी चाकं न तिरकी करता जाऊ लागली. याचं श्रेय कोणी मास्तरांना दिलं नाही. कुत्रं म्हातारं झालं, म्हणाले.

त्या वर्षात माझीही शिकवणी झाली. वळशाने यायचं, ओट्याच्या टोकाला पाठमोरं बसायचं, हात मांडीवर, बोलायचं ते हळू. तीन महिने हैबतीने मला नुसतं पाहिलं. मग एकदा मागून येऊन माझी कोपरं हुंगली. मास्तर मशीन थांबवून बसून राहिले होते. मी वळणार तोच कुजबुजले, "वळू नका. तो आलाय, तुम्ही नाही गेलात." मला खरं सांगायचं तर कारखान्यात कायम झालो त्या दिवशीही एवढा आनंद झाला नव्हता.

आणि त्या आनंदानेच घात केला. मार्गशीर्षात माझा मेहुणा कोकणातून आला. हा माणूस मला लग्नापासून भित्रा म्हणत आलेला. रविवारी त्याला वाडी दाखवायला निघालो आणि मास्तरांचा ओटा दिसल्यावर मला काय अवदसा आठवली कोण जाणे. म्हटलं, "या कुत्र्याला सगळी वाडी टरकते. माझ्याशी मात्र गरीब गाय." आणि रेघ ओलांडून, मेहुण्याकडे बघत, हसत, सरळ चालत जाऊन मी हैबतीच्या डोक्यावर हात ठेवायला गेलो. मास्तर आतून "भाऊसाहेब!" म्हणेपर्यंत माझ्या उजव्या हाताच्या पंजात त्याचे दात होते.

त्याने लगेच सोडलं. तोंड खाली घालून मशीनखाली जाऊन बसला. मेहुणा तोवर गिरणीपर्यंत पोचला होता. घरी बायकोने जखमेत तिखट भरलं, ते ओरडून ओरडून धुवायला लावून मी चिंचवडच्या डॉक्टरांकडे गेलो. तेव्हा कुत्रं चावलं की बेंबीभोवती चौदा इंजेक्शनं, तीही पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात, रोज एक. डॉक्टरांनी जखम धुतली, सगळी हकीकत विचारली आणि म्हणाले, "कुत्रं घरातलं आहे, तुम्हीच खोडी काढलीत. दहा दिवस त्याच्यावर नजर ठेवा. जगलं-वाचलं तर तुम्हाला भीती नाही. मेलं किंवा नाहीसं झालं तर तडक पुणं गाठा. आजचा रविवार धरू नका. उद्यापासून दहा." आता कोणी डॉक्टर असं थांबू देणार नाही. तेव्हा देत.

परत आलो तर पाटलांनी मारुतीपुढे माणसं जमवली होती. कुत्रं मारायचं ठरत आलं होतं. मास्तर ओट्यावर हैबतीला पाठीशी घालून बसले होते. त्यांचे हात एकसारखे हलत होते, जसं काही हवेत शिवण घालतायत. मी हात गळ्यात बांधून पाटलांपुढे उभा राहिलो आणि वर्षापूर्वी ज्याला मी स्वतः खुळं म्हणत होतो त्या कुत्र्याच्या जिवासाठी गयावया केली. मारलं तर मला चौदा इंजेक्शनं बसतील, म्हटलं. दहा दिवस तरी जगू द्या.

पाटलांनी विचार केला. "व्हय, तुमच्या जिवाचा सवाल हाय. धा दिस आमी हात लावनार न्हाई. शबूद दिला. पर अकराव्या दिशी आमचं आमी बगू. मंग मधी कुनी यायचं न्हाई." मी हो म्हणालो. मास्तरांकडे बघायचं टाळलं. मनात म्हटलं, दहा दिवसांत पाटलांचा राग निवेल, काहीतरी मार्ग निघेल.

ते दहा दिवस मी विसरणार नाही. सकाळी कामावर जाताना आणि संध्याकाळी येताना मी ओट्यावर हजर. कुत्रा जिवंत आहे का, ते बघायचं. वाडीही बघायला यायची. रोज रेघेवर दहा-पंधरा माणसं उभी. कोणी म्हणे डोळे लाल दिसतात, कोणी म्हणे लाळ गळते. इतक्या डोळ्यांनी हैबती बिथरला आणि सहाव्या दिवशी त्याने भाकरीला तोंड लावलं नाही. पिसाळलेलं कुत्रं पाण्याला भितं, असं ऐकून होतो. मास्तरांनी मातीच्या परळात पाणी ठेवलं आणि आम्ही दोघं पाठमोरे बसून कान देऊन राहिलो. खूप वेळाने मागून लप् लप् आवाज आला. मी रडलो. कुत्रं पाणी पितं म्हणून रडणारा टाइम-ऑफिसातला कारकून त्या मुलखात दुसरा झाला नसेल.

मास्तरांनी माझ्यावर शब्दाने राग काढला नाही. ते फक्त म्हणाले, "आता रोज एक तुकडा भाकरी तुम्ही टाका. त्याच्याकडे न बघता, बाजूला. चावल्यावरसुद्धा माणूस खायला देतो, हे त्याला कळू दे." मी टाकू लागलो. आधी तो मी गेल्यावर खायचा. मग मी असताना. मग रेघेवरची माणसंही तुकडे टाकू लागली, गंमत म्हणून, आणि हैबती हळूहळू तेही खाऊ लागला. नवव्या दिवशी गिरणीवाल्याने टाकलेला गूळ त्याने सगळ्यांदेखत खाल्ला आणि शेपटी एकदाच, अर्धी हलवली. मास्तरांचा चेहरा उजळला होता. "भाऊसाहेब, चार वर्षांत हे झालं नव्हतं. आता हा कोणाचंही खातो!" पाटलांना हे दाखवायचं, असं आम्ही ठरवलं. दहावा दिवस पार पडला की त्यांना बोलवायचं, त्यांच्या हाताने तुकडा टाकायला लावायचा. ते बघून पाटील नक्की विरघळतील अशी माझी खात्री होती.

दुसऱ्या दिवशी बुधवार होता. माझ्या हिशेबाने दहावा. सकाळी मी हैबतीला ठणठणीत बघून कामावर गेलो. संध्याकाळी आलो तेव्हा ओट्यावर पोतं पसरलेलं होतं आणि त्याच्याखाली तो होता.

पाटलांच्या गड्याने दुपारी रेघेवरून मटणाचा तुकडा टाकला होता. विष घातलेला. हैबतीने तो घेतला.

मास्तर उठले आणि पाटलांच्या घराकडे निघाले. सरळ, रस्त्याच्या मधून, कोणालाही वाट न देता. मी मागे धावलो. पाटील अंगणात बसले होते. आम्हाला बघून ते गोंधळले, आणि तो गोंधळ खरा होता. "मास्तर, धा दिस झालं की! आमी शबूद पाळला. आईतवार, सोमवार..." असं म्हणत त्यांनी बोटं दुमडून मोजायला सुरुवात केली. रविवार पहिला, मंगळवार दहावा, बुधवार अकरावा. माणूस गेला की त्या दिवसापासून दहावा मोजतात, तसंच त्यांनी मोजलं होतं. सगळी वाडी तसंच मोजते. आमच्या कोकणातही तसंच मोजतात. डॉक्टरांचा दहावा उद्यापासून सुरू होतो हे मला एकट्याला माहीत होतं आणि मी, दिवस मोजण्याचा पगार खाणारा माणूस, ते सांगायला विसरलो होतो. तोंडातून निघालं असतं तर आणखी एक दिवस मिळाला असता, आणि त्या एका दिवसात काय झालं असतं कोण जाणे.

मास्तर पाटलांपुढे उभे होते. मला वाटलं, आता हे हात उचलतात. पण त्यांनी पाटलांच्या दुमडलेल्या बोटांकडे पाहिलं आणि खाली मान घातली. "तुमची चूक नाही, पाटील," म्हणाले. पाटलांना ते लागलं. त्यांनी आपल्या शेताच्या बांधाला खड्डा खणून दिला आणि स्वतः माती लोटली.

हे ऐकून चिंचवडच्या डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "विषाने मेलं म्हणता, कबूल. पण माझे दहा पुरे झाले नाहीत. मी जबाबदारी घेणार नाही. उद्यापासून पुणं." दुसऱ्या दिवशी सकाळी चिंचवड स्टेशनावर गेलो तर मास्तर आधीच येऊन फलाटाच्या टोकाला उभे. "माझ्या कुत्र्यापायी टोचून घेणार तुम्ही. मी येतो," म्हणाले. माझी मलाच लाज वाटली. कोणाच्यापायी काय झालं होतं ते मला माहीत होतं.

चौदा दिवस ते दुकान बंद ठेवून पॅसेंजरने माझ्याबरोबर येत राहिले. दवाखान्याबाहेरच्या झाडाखाली बसायचे. पोटाला सूज आली की मी वाकून चालायचो, ते माझ्या चालीने चालायचे. बोलणं जवळजवळ नाहीच. आठव्या-नवव्या दिवशी गाडीत मीच न राहवून म्हटलं, "मास्तर, मला शिव्या तरी द्या. माझ्या मिजाशीने तुमचं पोर मेलं."

त्यांनी खिडकीबाहेर बघत सांगायला सुरुवात केली. त्यांना मुलगा होता. होता म्हणजे आहे. दत्तू. पंधरा-सोळाव्या वर्षी तो आवाजाला दचकायला लागला, कोणी जवळ आलं की मारायला धावायला लागला. मास्तरांनी देवऋषी केले, अंगारे केले, शेवटी गजाने मारलं. "मी त्याला बांधून ठेवला होता, भाऊसाहेब. दोन वर्षं. मशीनच्या पायाला. मला वाटायचं, मी बाप आहे, मी जवळ गेलं तर चालेल. मी सरळ जायचो, मिठी मारायचो, आणि तो ओरडायचा." बायको त्यातच गेली. मग एकदा दत्तूने कात्री उगारली आणि लोकांनी त्याला पुण्याच्या मनोरुग्णांच्या इस्पितळात पोचवला. मास्तर भेटायला जात, रडत, त्याचे हात धरत, तो हात झटकून उठून जायचा, आणि ते गेल्यावर दोन-दोन दिवस तो कोणाला आवरत नसे. तिथल्या डॉक्टरांनी हात जोडून सांगितलं, काही दिवस येऊ नका.

"त्यानंतर हे पिल्लू माझ्या मशीनखाली आलं," मास्तर म्हणाले. "मला कोणी शिकवलं नाही. शिकवायला तो एकटाच होता. अजून थोडं राहिलं होतं."

मी माझ्या पट्टी बांधलेल्या हाताकडे बघत राहिलो. मला त्या हाताचा राग आला.

चौदावं इंजेक्शन झालं त्या दिवशी ते झाडाखालून उठले आणि म्हणाले, "तुम्ही पुढं व्हा. मला एके ठिकाणी जायचंय." मी कुठे ते विचारलं नाही, टांगा केला आणि त्यांच्या शेजारी बसलो.

इस्पितळाच्या मागच्या मोकळ्या जागेत आंब्याच्या सावलीत एक तरुण बसला होता. मास्तरांसारखंच नाक, केस कापलेले, गुडघे पोटाशी. मला फाटकापाशी थांबायला सांगून मास्तर लांबून, भिंतीच्या कडेकडेने गेले. दहा-बारा हातांवर, त्याच्याकडे कूस करून, मातीत बसले. पिशवीतून कोणाचातरी कुडता काढला आणि काजं करायला घेतली. मान वर केली नाही. दत्तूचं अंग ताठ झालेलं मला फाटकातून दिसलं. फाटकावरचा सेवक पुढे व्हायला लागला, मी त्याचा हात धरून थांबवलं. मास्तर एक काज करायचे, दोरा तोडायचे, सुईत दुसरा ओवायचे. चार काजं झाली. पाचव्याला कधीतरी दत्तूने गुडघ्यांभोवतीचे हात सोडले आणि एक तळवा जमिनीवर टेकला. बस, तेवढंच. मग सेवकाने वेळ झाली म्हणून सांगितलं. मास्तरांनी कुडत्याची घडी घातली आणि आले तसेच, भिंतीच्या कडेने, मागे न बघता परत आले.

रस्त्यावर आल्यावर म्हणाले, "आला नाही."

थोडं चालल्यावर म्हणाले, "पण उठून गेलाही नाही, भाऊसाहेब. सहा वर्षांत पहिल्यांदा उठून गेला नाही."

स्टेशनावर गाडीला अवकाश होता. मास्तर बाकावर बसले आणि धोतराचा सोगा तोंडाला लावून रडू लागले. आवाज न करता, खांदे हलवत. त्यांच्या पाठीवर हात ठेवावा असं मला फार वाटलं. मी बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलो, तोंड रुळांकडे केलं आणि हात मांडीवर ठेवले. सिग्नल पडला तेव्हा मला जाणवलं की ते सरकत सरकत माझ्या खांद्याला खांदा लावून बसलेत.